जुन्या बाप्तिस्मा वह्यांची सूची कशी करावी: बेळगाव भागातल्या नव्या स्वयंसेवकांसाठी

बेळगाव कॅम्प, खानापूर तालुका, हल्याळ-जोयड्याची बाजू, धारवाड. या पट्ट्यातल्या जुन्या चर्चच्या कपाटांत बाप्तिस्म्याच्या वह्या आहेत. जन्म-मृत्यू नोंदणीचा देशभर लागू असलेला कायदा १९६९ सालचा. त्याआधी जन्मलेल्या ख्रिस्ती माणसाचं नाव, आईबापांची नावं आणि गाव एकत्र लिहिलेला कागद शोधायला निघालात, की पुष्कळदा ही वही सोडून दुसरं काही हाती लागत नाही. पण आपल्या आजीचं नाव नेमक्या कुठल्या वहीत, कुठल्या पानावर आहे हे कळायला आधी सगळ्या वह्या चाळाव्या लागतात. मुंबईत किंवा आखातात नोकरीला असलेला नातू त्यासाठी किती वेळा गावी येणार? त्याच्यासाठी सूची हवी. एकाने एकदा नीट केली की पुढे शंभर घरांचं काम होतं.

हे काम इथल्याच माणसांनी करावं असं मला ठामपणे वाटतं. दूर बसलेल्या स्वयंसेवकाला हलगा आणि हलशी सारखंच. आपल्याला माहीत असतं की हलगा बेळगावला लागून आहे आणि हलशी खानापूर तालुक्यात. मात्र हीच माहिती भलत्या रकान्यात शिरली की सूचीचं वाटोळं होतं. म्हणून पहिल्या दिवसापासून एक सवय लावून घ्या: वहीत जे लिहिलंय ते एका रकान्यात, तुम्हाला जे ठाऊक आहे ते दुसऱ्या रकान्यात. बाकी सगळं सरावाने जमतं.

आधी वही कुठली ते ओळखा

बेळगाव १८१८ साली इंग्रजांकडे आलं आणि इथे छावणी बसली. छावणीतले गोरे शिपाई, त्यांची कुटुंबं, पुढे अँग्लो-इंडियन रेल्वे कामगार यांच्या नोंदी इंग्रजीत, छापील रकान्यांच्या वहीत असतात. प्रोटेस्टंट मिशनचं काम १८२० साली लंडन मिशनरी सोसायटीने सुरू केलं आणि १९०४ मध्ये ते अमेरिकन मेथॉडिस्टांकडे गेलं. एकाच मंडळीच्या नोंदींत मध्येच मिशनचं नाव आणि रकाने बदललेले दिसले तर दचकू नका. धारवाड-हुबळी-गदगकडे बासेल मिशन होतं. त्यांनी १८३७ साली धारवाडला सुरुवात केली. कॅथलिकांचा बेळगाव धर्मप्रांत १९५३ चा आणि कारवारचा १९७६ चा. त्याआधी या भागातल्या पुष्कळ चर्चचा कारभार गोव्याशी जोडलेला होता, त्यामुळे तिथल्या जुन्या नोंदी पोर्तुगीज किंवा लॅटिनमध्ये भेटतात.

हे आधी कळलं की दुसरी प्रत कुठे शोधायची तेही कळतं. कंपनी सरकारचे आणि नंतर राणी सरकारचे चॅप्लेन, म्हणजे सरकारने नेमलेले पाद्री, आपल्या नोंदींच्या नकला मुंबईला पाठवत आणि त्या पुढे लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. मुंबई इलाख्याच्या नकला ‘एन/३’ या मालिकेत, मद्रास इलाख्याच्या ‘एन/२’ मध्ये. इथे आपल्या भागाची एक खास भानगड आहे. कारवार-हल्याळचा उत्तर कानडा १८६२ पर्यंत मद्रास इलाख्यात होता. म्हणजे १८५५ ची हल्याळची नोंद कोणी मुंबईच्या नकलांत शोधत बसला तर त्याला ती मिळणार नाही. अशा वहीच्या पहिल्याच पानाच्या टिपेत हे लिहून ठेवा.

फॅमिलीसर्च आणि ‘फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी’ या दोन्ही संकेतस्थळांवर स्वयंसेवकांनी केलेल्या सूच्या फुकट शोधता येतात. काम सुरू करण्यापूर्वी तिथे पाहून घ्या. पण तिथे सूची आहे म्हणून इथली वही सोडून देऊ नका. ती सूची बहुधा नकलेवरून केलेली असते. नक्कल करताना कारकुनाच्या हातून अक्षर सुटतं, आणि मूळ वहीच्या समासात नंतर लिहिलेले शेरे तर नकलेत येऊच शकत नाहीत.

परवानगी

वही चर्चची आहे. फादरना किंवा पाळकसाहेबांना भेटून, लेखी अर्ज देऊनच काम सुरू करा. अर्जात चार गोष्टी स्पष्ट असाव्यात: कुठल्या सालापर्यंतच्या वह्या हव्यात, फोटो कोणाकडे राहतील, सूची कोणाला दिसेल आणि सूचीची प्रत चर्चला केव्हा मिळेल. शंभर वर्षांच्या आतल्या नोंदी मागू नका. त्यांतली माणसं किंवा त्यांची मुलं आज हयात असतात, आणि एखाद्या घरात जे चार भिंतींत राहिलंय ते आपल्यामुळे बाहेर पडता कामा नये. वही घरी न्यायची नाही, कोणी आपणहून दिली तरी. चर्चच्या ऑफिसातच बसून फोटो काढायचे आणि पुढचं सगळं काम फोटोंवरून करायचं.

फोटो

बेळगावचा पाऊस ठाऊक असलेल्याला वेगळं सांगायला नको. जून ते सप्टेंबर कागद ओलसर असतो, पानं एकमेकांना चिकटतात. दसऱ्यानंतर काम काढा. हात धुऊन कोरडे करा. हातमोजे घालू नका, त्यांनी बोटांची जाण कमी होते आणि जीर्ण पानाची कड फाटते. पान कसरीने खाल्लं असेल, शाईने जळून भोकं पडली असतील, तर सेलोटेप लावू नका, लॅमिनेशनचा तर विचारही नको. जुन्या काळ्या शाईत लोखंड असतं आणि ती वर्षानुवर्षं कागद खात राहते. अशी वही पूर्ण सपाट उघडण्याचा हट्ट धरू नका. दोन्ही बाजूंना उशी किंवा घडी घातलेली चादर ठेवा आणि उघडेल तितकीच उघडा.

खिडकीचा उजेड एका बाजूने येऊ द्या. फ्लॅश बंद. मोबाइल स्टँडला लावा. पुठ्ठ्यापासून सुरुवात करून मागच्या कोऱ्या पानापर्यंत प्रत्येक पानाचा फोटो घ्या, कोरी पानं वगळू नका. नाहीतर नंतर पान खरंच कोरं होतं की फोटो राहून गेला, हे कळायला मार्ग उरत नाही. समास पूर्ण आला पाहिजे. शिवणीकडे शब्द दबले असतील तर तेवढ्या भागाचा तिरका, जवळून आणखी एक फोटो घ्या. फाइलीला चर्च, वही आणि पान या क्रमाने नाव द्या, आणि त्याच दिवशी द्या.

तक्ता

गूगल शीट किंवा एक्सेल पुरेसं आहे. फक्त एक धोका ओळखून असा: १९०० सालच्या आधीची तारीख एक्सेलला तारीख म्हणून समजतच नाही. काही तारखा तारखा होतात, काही नुसता मजकूर राहतात, आणि वही क्रमाने लावायला गेलं की सगळा घोळ. दिवस, महिना आणि वर्ष असे तीन वेगळे रकाने करा.

सुरुवातीला वही, पान, नोंद क्रमांक आणि फोटोच्या फाइलीचं नाव. मग बाप्तिस्म्याची तारीख आणि जन्माची तारीख, दोन्ही वेगळ्या. मग मुलाचं नाव, आडनाव, वडील, आई, आईचं माहेरचं आडनाव, राहण्याचं ठिकाण, मूळ गाव, वडिलांचा पेशा, धर्मपिता, धर्ममाता, विधी करणारा, समासातला शेरा. शेवटचे दोन रकाने तुमचे: ‘आजचं ठिकाण’ आणि ‘टीप’. तुमची जाण फक्त या दोनांत. वहीत एखादी गोष्ट नसेल तर रकाना रिकामा सोडा. असेल पण वाचता येत नसेल तर ‘अवाच्य’ लिहा. रिकामं आणि अवाच्य यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात शोध संपतो, दुसऱ्यात कोणी तज्ज्ञ पुढे वाचू शकतो. एकच अक्षर लागत नसेल तर तिथे प्रश्नचिन्ह, अनेक लागत नसतील तर फुली. शेजारच्या नोंदीवरून अंदाजाने भरू नका.

इंग्रजी वही: एक नोंद जवळून

नमुन्यासाठी रचलेली ही नोंद घ्या. १२ एप्रिल १८६३ ला बाप्तिस्मा, जन्म २९ मार्चचा, नाव मेरी अ‍ॅन, वडील थॉमस, आई जेन, ठिकाण बेळगाव, पेशा कंडक्टर, खाली चॅप्लेनची सही. आडनावाच्या रकान्यात ‘रॉफ्स’ असं काहीतरी दिसतंय.

आधी आडनाव. एकोणिसाव्या शतकातले हात दोन ‘एस’ जवळजवळ आले की पहिला लांब काढत, आणि तो ‘एफ’ सारखा दिसतो. म्हणजे हे आडनाव ‘रॉस’ आहे. हे अक्षराचं वळण आहे, स्पेलिंग नव्हे, म्हणून इथे दोन ‘एस’ टाइप करणं हेच जसंच्या तसं लिहिणं. शंका असेल तर त्याच पानावर तोच हात दुसऱ्या ओळखीच्या शब्दात ‘एस’ कसा काढतो ते पाहा. जुनी अक्षरं वाचायची ही सगळ्यात खात्रीची रीत आहे: ज्या शब्दाबद्दल संशय नाही, उदाहरणार्थ महिन्याचं नाव किंवा चॅप्लेनचं नाव, त्यातून त्या हाताची वर्णमाला जमवायची.

मग पेशा. कंडक्टर म्हणजे इथे लष्कराच्या दारूगोळा किंवा रसद खात्यातला वॉरंट दर्जाचा हुद्देदार. पुढे ‘ऑर्डनन्स’ लिहिलं असेल तर तेही घ्या. शिपायाच्या नोंदीत पलटणीचा नंबर सोडू नका. लंडनमध्ये त्या घराण्याचा माग काढणाऱ्याला नावापेक्षा नंबर जास्त कामाचा असतो. रेल्वेवाल्यांच्या नोंदींत लोंढा, कॅसल रॉक ही ठिकाणं आणि सदर्न मराठा रेल्वेची आद्याक्षरं येतात. १९०८ मध्ये ती कंपनी आणि मद्रास रेल्वे एकत्र झाल्या आणि आद्याक्षरं बदलली. तीही जशी असतील तशीच.

तारखा दोन असतात हे विसरू नका. छावणीत मूल आठ दिवसांचं असतानाही बाप्तिस्मा होई आणि चार वर्षांचं झाल्यावरही, चॅप्लेन कधी उपलब्ध होता त्यावर. बाप्तिस्म्याची तारीख जन्माच्या रकान्यात टाकली की पुढे त्या माणसाचं वयच चुकतं.

पोर्तुगीज आणि लॅटिन

भाषा येत नाही म्हणून घाबरू नका. नोंदीचा साचा ठरलेला असतो आणि वीस-पंचवीस शब्द ओळखता आले की काम चालतं. ‘फिल्यु’ मुलगा, ‘फिल्या’ मुलगी, ‘पाद्रिन्यु’ आणि ‘माद्रिन्या’ हे धर्मपिता-धर्ममाता. लॅटिनमध्ये ‘नातुस’ म्हणजे जन्मलेला, ‘बाप्तिझावी’ म्हणजे मी बाप्तिस्मा दिला. साल बऱ्याचदा अक्षरी असतं, तेव्हा पोर्तुगीज आकड्यांचा एक कागद जवळ ठेवा.

महिन्यांत एक सापळा आहे. सातचा आकडा आणि त्याला जोडून ‘ब्रिस’ किंवा ‘ब्र’ असं दिसलं तर तो जुलै नव्हे, सप्टेंबर. आठ म्हणजे ऑक्टोबर, नऊ म्हणजे नोव्हेंबर, आणि दहा किंवा रोमन दहाची फुली म्हणजे डिसेंबर. जुन्या रोमन मोजणीत हे महिने सातवे ते दहावे होते, त्याचा हा अवशेष.

आडनावंही आखडती लिहिलेली असतात. ‘रोइझ’ म्हणजे रॉड्रिग्ज. ‘एफ’, ‘आर’ आणि ‘झेड’ एवढंच असेल तर बहुधा फर्नांडिस. आडनावाच्या रकान्यात वहीतलं आखडतं रूप जसंच्या तसं, आणि पूर्ण रूप टिपेत.

‘नातुराल’ आणि ‘मोरादोर’ हे दोन शब्द मात्र जिवापाड जपा. पहिला मूळ गाव सांगतो, दुसरा राहण्याचं ठिकाण. खानापूर तालुक्यातल्या कितीतरी कॅथलिक घरांत ‘आमचे पूर्वज गोव्यातून वर आले’ एवढीच आठवण उरली आहे, कुठल्या गावातून ते कोणाला सांगता येत नाही. बार्देश-साष्टीतल्या त्या गावाचं नाव या एका शब्दापुढे लिहिलेलं असू शकतं. घाईत दोन्ही ठिकाणं एकाच रकान्यात कोंबलीत तर हातात आलेला धागा तिथेच तुटला.

समासही वाचा. १९०८ पासून कॅथलिक चर्चमध्ये माणसाचं लग्न झालं की त्याच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी ते लिहायचा नियम आहे. देसूरला बाप्तिस्मा झालेल्या मुलीचं लग्न मुंबईत लागलं तरी त्याची खबर देसूरच्या वहीत परत यायला हवी. त्यामुळे १८९० च्या नोंदीच्या समासात १९१२ च्या शाईने एखादं चर्च, एखाद्या नवऱ्याचं नाव सापडतं. मुलीच्या बाजूने वंशावळ लावणाऱ्याला याहून मोठी मदत नाही.

मूल दगावेल अशी भीती असली की सुईण किंवा घरचं कोणी घरीच बाप्तिस्मा देई आणि चर्चमधले बाकीचे विधी नंतर होत. अशा नोंदीत दोन तारखा असतात. दोन्ही घ्या आणि कुठली कशाची ते टिपेत लिहा.

आपली नावं, आपली गावं

मराठी प्रोटेस्टंट कुटुंबांच्या नोंदींत परदेशी सूचीकार सगळ्यात जास्त इथेच अडखळतात. समजा वहीत ‘येसू दाजी’ एवढंच आहे. दाजी हे आडनाव नव्हे, वडिलांचं नाव. ते आडनावाच्या रकान्यात गेलं की ‘दाजी’ नावाचं एक घराणंच कागदावर जन्माला येतं. आडनाव रिकामं ठेवा, आणि वडिलांच्या रकान्यात दाजी वेगळं लिहिलेलं नसेल तर ‘दाजी हे वडिलांचं नाव असावं’ असं टिपेत घाला.

मोठेपणी बाप्तिस्मा घेतलेल्यांच्या नोंदींत आधीचं नाव आणि नवं नाव अशी दोन नावं येतात, कधी जातही. दोन्ही नावं घ्या. गावाकडच्या सातबाऱ्यावर किंवा शाळेच्या दाखल्यावर कदाचित जुनंच नाव सापडेल, आणि दोन कागदांचा सांधा इथेच जुळेल. जात, ‘बाप अज्ञात’, ‘सापडलेलं मूल’ असे उल्लेख मात्र सगळ्यांना दिसणाऱ्या सूचीत घालू नका. ते चर्चला द्यायच्या प्रतीत राहू द्या. त्या मुलाचे नातवंडं-पतवंडं आज याच गावात असतील. मोडीतला शेरा किंवा सही भेटली तर ‘मोडी’ एवढं लिहून फोटोचा नंबर द्या. मोडी वाचणारे लोक या भागात अजून आहेत.

गावांची स्पेलिंगं पाहून गोंधळ होतो, पण त्यात एक शिस्त आहे. जुन्या इंग्रजीत आपला ‘अ’ बऱ्याचदा ‘यू’ अक्षराने लिहीत आणि ‘ऊ’साठी दोन ‘ओ’ वापरत. नंदगड, संपगाव, कित्तूर, खानापूर ही नावं असं मनात धरून मोठ्याने वाचा, म्हणजे लागतात. वहीतलं स्पेलिंग बदलू नका. बेळगावचं जे रूप वहीत असेल ते ठिकाणाच्या रकान्यात आणि आजचं नाव ‘आजचं ठिकाण’मध्ये. आपल्याकडे या नावावरून भावना किती तीव्र आहेत हे मला माहीत आहे. पण १८७० मधल्या लिहिणाऱ्याने जे लिहिलं ते आपल्यापैकी कोणालाच बदलायचा अधिकार नाही.

नुसतं ‘बस्तवाड’ लिहिलेलं असेल तर? हलगा-बस्तवाड की संतीबस्तवाड? तिथे तुमची जाण कामी येते. त्या पानावरची इतर गावं, साक्षीदारांची गावं पाहा. कल कळला तर टिपेत ‘बहुधा संतीबस्तवाड, आधीच्या तीन नोंदी तिथल्याच’ असं कारणासकट लिहा. कारण न देता लिहिलेला अंदाज पुढच्याला तपासता येत नाही.

संस्थानांचंही भान ठेवा. शहापूर आज बेळगाव शहरातच आहे, पण स्वातंत्र्याच्या वेळेपर्यंत ते सांगली संस्थानात होतं. रायबाग कोल्हापूरकडे. ‘सांगली स्टेट’ एवढं वाचून कोणी सांगली शहरातलं चर्च शोधायला गेला तर त्याची फेरी फुकट. जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, म्हणून त्याआधीच्या सरकारी कागदांसाठी मुंबईच्या पुराभिलेखागाराचाही दरवाजा ठोठवावा लागतो. चर्चची वही मात्र बहुतेक वेळा जिथल्या तिथेच राहिली.

तपासणी आणि सोपवणूक

एकाच वहीची सूची दोघांनी, एकमेकांची न पाहता करावी. मग तिसऱ्याने दोन्ही शेजारी ठेवून जिथे फरक आहे तिथे फोटो पाहून निर्णय द्यावा. माणसं कमी असतील तर निदान प्रत्येक पानाची तारीख, आडनाव आणि गाव हे तीन रकाने दुसऱ्याने तपासावेत. एक, सात, चार आणि नऊ हे आकडे जुन्या हातांत सगळ्यात जास्त फसवतात. वहीतल्या नोंदी तारखेच्या क्रमाने असतात, त्यामुळे एखादी तारीख मध्येच उडी मारताना दिसली की आधी आपलं वाचन तपासा. वहीतच चूक असेल तर ती तशीच ठेवून टिपेत लिहा.

नव्याने आलेल्याने इंग्रजी छापील रकान्यांची, साधारण १८८० नंतरची वही घ्यावी. अक्षर सुवाच्य असतं आणि हात बसतो. रोज एक-दोन पानं पुरे. दमलेल्या डोळ्यांनी केलेलं काम दुसऱ्यांदा करावं लागतं.

वही पूर्ण झाली की सूचीची एक छापील, बांधलेली प्रत आणि सगळे फोटो चर्चकडे द्या. फोटोंची एक प्रत निराळ्या इमारतीत राहील अशी व्यवस्था करा. सूचीच्या पहिल्या पानावर वहीचं नाव, कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत, कुठली पानं गहाळ आहेत आणि सूची कधी केली हे लिहा. कोणी तुमच्याकडे दाखला मागायला आला तर वही, पान आणि नोंद क्रमांक चिठ्ठीवर लिहून द्या आणि त्याला चर्चच्या ऑफिसात पाठवा. दाखला द्यायचा अधिकार फादरांचा किंवा पाळकांचा, आणि तो मूळ वही उघडून पाहिल्यावरच.